कंपोस्टचं पाकीट फाडायच्या आधी दोन मिनिटं हे वाचा

दर आठवड्याला एक तरी फोन येतोच की घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करायची तुमची पावडर चालली नाही, पैसे फुकट गेले. मग चार प्रश्न विचारले की कळतं, डब्याला वास यायला लागला म्हणून घरात कुणीतरी वरून फिनेल ओतलंय. अहो, फिनेल जंतू मारायलाच असतं, आणि आम्ही विकतो ते जंतूच!

पाकिटात काय आहे तर तांदळाच्या कोंड्यात मिसळलेले बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया, ट्रायकोडर्मा नावाची बुरशी आणि थोडे अ‍ॅक्टिनोमायसिटीज. हे शेवटचं नाव विसरलात तरी चालेल, पण त्यांचा वास तुम्हाला लहानपणापासून माहिती आहे, पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तो बराचसा त्यांचाच. कंपोस्ट तयार झालं की डब्यातून तोच वास येतो, त्यामुळे मीटरबिटर काही नको, नाक पुरतं.

हे जंतू आम्ही शोधलेले नाहीत. संशोधक लोक माती, शेण, चिखल असलं काय काय गोळा करून लॅबमध्ये त्यातले जंतू वाढवतात, कुठला पाला लवकर कुजवतो, कुठला उष्णतेत टिकतो ते बघून वेगळा काढतात. आमचं गोव्यातल्या फोंड्याचं छोटं युनिट, आम्ही तयार कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, आणतो, कोंड्यात मिसळतो, पॅक करतो, बस.

पण त्यांच्या कामातली एक गोष्ट आम्हाला फार पटली. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ नावाच्या जहाजातून तेल सांडलं, किनारेच्या किनारे काळे झाले. तेल खाणारे बॅक्टेरिया तिथे आधीपासूनच होते, पण तेलात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाही, म्हणजे ताटात नुसता भात आणि हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, पत्ता नाही अशी गत. मग काही भागात किनाऱ्यावर चक्क खत मारलं आणि ते बॅक्टेरिया जोरात कामाला लागले. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर बीचवर डांबराचे गोळे येतात ना, त्यांच्यावरही असे बॅक्टेरिया असतात, दोना पावलाच्या एनआयओतल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, संशोधकांनी त्यांचा अभ्यास केलाय.

तुमच्या डब्यात नेमकं उलटं होतं. भाजीची सालं, उरलेलं जेवण, बांगड्याची डोकी, यात नायट्रोजन आणि पाणी जास्त, कार्बन कमी. म्हणून एक भांडं ओला कचरा टाकलात की वर दोन भांडी सुका पाला टाका, नाहीतर सोडणांचा (नारळाच्या सालांचा) भुसा, फाडलेला पुठ्ठा, जे असेल ते. आणि पाला मार्च-एप्रिलमध्येच पोत्यात भरून ठेवा, जाळू नका प्लीज, जुलैत सुका पाला कुठून आणणार? मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर ओलं जास्त झालं.

चार-पाच दिवसांनी मधे हात घालून बघा, कोमट लागेल. मोठ्या ढिगात हेच तापमान ५५-६० डिग्रीपर्यंत जातं, घरच्या डब्यात एवढं होत नाही, घाबरू नका. वर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर खराब झालं म्हणून फेकू नका, ती कामावर आलेली माणसं आहेत.

आठवड्यातून दोनदा ढवळायचं, हे मात्र चुकवायचं नाही. हवा मिळाली नाही की दुसऱ्याच जातीचे जंतू माजतात, सडक्या अंड्याचा वास येतो, मिथेन तयार होतो, आणि तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटीहून जास्त उष्णता धरतो. गंमत म्हणजे साळगावच्या कचरा प्रक्रिया प्लांटमध्ये हाच मिथेन बंद टाक्यांत मुद्दाम बनवून त्यातून वीज काढतात. डब्याला झाकण लावून विसरून गेलात तर वीज मिळत नाही, फक्त शेजारी भांडायला येतात.

प्लास्टिक खातात का, हे सगळेच विचारतात. आमचे नाही खात. २०१६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी पेट प्लास्टिक (पाण्याच्या बाटल्यांचं) खाणारा बॅक्टेरिया जाहीर केला खरा, पण त्यालाही ३० डिग्रीत एक पातळ फिल्म संपवायला सहा आठवडे लागले. दुधाची पिशवी डब्यात टाकलीत तर ती पुढच्या चवथीलाही (गणेश चतुर्थीलाही) तशीच निघेल. तिसऱ्यांची शिंपलंही नकोत.

चवथीवरून आठवलं, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळं-भाज्यांची सजावट, उतरवली की त्यातलं जे खाण्यासारखं नाही ते बारीक चिरून टाका, अख्खा कोहळा टाकलेला आम्ही बघितलाय. तारा आणि सुतळी आधी काढा.

शेवटचं, धंद्याच्या विरुद्ध आहे पण सांगतो. हे विरजण आहे. पहिलं कंपोस्ट तयार झालं की त्यातलं दोन मुठी बाजूला ठेवा, पुढच्या डब्याला तेच लावा. डबा मधेच फिनेलने धुतलात तरच परत आमच्याकडे या.