चराऊ वासरांतील जंतनियंत्रण

कुरणावर चरणाऱ्या वासरांच्या व कालवडी-गोऱ्ह्यांच्या जठरात आणि आतड्यांत वाढणाऱ्या गोलकृमींची संख्या, जनावराच्या वाढीस बाधा येणार नाही इतक्या मर्यादेत राखण्याच्या उपायांना जंतनियंत्रण म्हणतात. चराऊ कळपातून जंत समूळ नाहीसे करणे शक्य नसते आणि तसा हट्ट धरणे हिताचेही नसते, कारण जंतांशी थोडाफार संबंध आल्याशिवाय वासराच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही. चराईच्या पहिल्या हंगामात ही शक्ती जवळजवळ नसते, म्हणून प्रौढ गाय ज्या कुरणावर निर्धास्त चरते त्याच कुरणावर वासरू खंगू शकते.

गुरांच्या चौथ्या म्हणजे खऱ्या जठरात ऑस्टर्टॅजिया, हिमाँकस व ट्रायकोस्ट्राँगायलस, लहान आतड्यात कूपेरिया व निमॅटोडायरस, तर मोठ्या आतड्यात ईसोफॅगोस्टोमम या प्रजातींचे जंत आढळतात. समशीतोष्ण हवामानात ऑस्टर्टॅजिया सर्वांत घातक ठरतो. उष्ण व दमट प्रदेशांत रक्त शोषणाऱ्या हिमाँकसचे महत्त्व वाढते.

नियंत्रणाची दिशा जंतांच्या जीवनचक्रावरून ठरते. मादीने घातलेली अंडी शेणावाटे बाहेर पडतात. शेणाच्या पोमध्येच ती उबतात आणि अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेला पोहोचते. उबदार हवेत यास एक ते दोन आठवडे लागतात, थंडीत बराच अधिक काळ लागतो. या अवस्थेतील अळीवर आधीच्या अवस्थेचे आवरण तसेच राहते. त्यामुळे तिला खाता येत नाही, ती साठवलेल्या ऊर्जेवर जगते, पण कोरडेपणापासून तिला काहीसे संरक्षण मिळते. पोवर वाळलेली खपली धरली की आतील ओलाव्यात अळ्या टिकून राहतात आणि पावसाने खपली भिजून फुटली की पाण्याच्या पातळ थरातून त्या आसपासच्या गवतावर पसरतात. बहुतेक अळ्या गवताच्या बुडाजवळच असतात. गुरे शेणालगतचे गवत स्वभावतःच टाळतात. मात्र चारा अपुरा पडला की ती तेथेही तोंड घालतात आणि बुडापर्यंत खरडून खातात. कुरणावर गुरांची दाटी झाली की जंतबाधा झपाट्याने वाढते ती यामुळे. गिळलेल्या अळीपासून अंडी घालणारा जंत तयार होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. एका हंगामात अशी अनेक आवर्तने होतात, आणि कोणत्याही क्षणी एकूण जंतांचा फार मोठा भाग जनावरांत नसून कुरणावर असतो. नुसत्या औषधावर विसंबलेली योजना फसते, कारण औषध गवतातील अळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

ऑस्टर्टॅजियाच्या अळ्या जठराच्या ग्रंथींत शिरून वाढतात. त्या बाहेर पडताना आम्ल स्रवणाऱ्या पेशींची जागा अपक्व पेशी घेतात, जठररसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) सुमारे २ वरून ७ पर्यंत चढू शकतो, म्हणजे आम्लता जवळजवळ नाहीशी होते, प्रथिनांचे पचन मंदावते आणि रक्तातील प्रथिने जठरात झिरपतात. वासराला पातळ हगवण लागते, अंगावरचे केस राठ व निस्तेज होतात, जबड्याखाली पाणी साचून सूज येऊ शकते. तथापि सर्वाधिक नुकसान यापैकी काहीही न दिसता होते: भूक मंदावते आणि अपेक्षित वजनवाढ होत नाही. काही अळ्या ग्रंथींतच सुप्त राहून काही महिन्यांनी एकदम बाहेर पडतात व तीव्र, क्वचित प्राणघातक आजार घडवतात.

निदानासाठी शेणातील अंडी मोजली जातात. ही मोजणी कळपाचा कल कळण्यास उपयोगी पडते, परंतु प्रत्येक जंताची अंडी घालण्याची क्षमता वेगळी असल्याने एकट्या आकड्यावरून जंतभार ठरवणे चुकीचे ठरते. नियमित वजन करणे हे या वयात तितकेच बोलके साधन आहे.

चराईच्या नियोजनात वासरांना सर्वांत स्वच्छ कुरण देणे हे पहिले तत्त्व होय. चारापिकानंतर उगवलेले, कापणी करून वाळवण काढलेले किंवा आधीच्या काळात मेंढ्यांनी चरलेले रान त्यासाठी योग्य असते. गुरे व मेंढ्या यांचे बहुतेक जंत एकमेकांत नीट वाढत नाहीत. वासरांना पुढे व प्रौढ गुरांना त्यांच्या मागून सोडल्यास वासरांना गवताचे वरचे शेंडे मिळतात आणि उरलेल्या अळ्या प्रतिकारशक्ती असलेल्या गुरांच्या पोटात जाऊन बहुतांशी नष्ट होतात.

जंतनाशकांचे तीन मुख्य गट वापरात आहेत: अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांचा बेंझिमिडॅझोल गट, लेव्हामिसोल, आणि आयव्हरमेक्टिनसारखी मॅक्रोसायक्लिक लॅक्टोन औषधे. थायबेंडाझोल १९६१ मध्ये, तर आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये पशुवैद्यकात आले. ही औषधे इतकी सोयीची ठरली की ती ठराविक अंतराने, गरज न पाहता, सरसकट दिली जाऊ लागली, आणि औषधाला न जुमानणारे जंत हा त्याचा गंभीर परिणाम आहे. गुरांत कूपेरियामध्ये आयव्हरमेक्टिनविरोध अनेक देशांत दिसून आला आहे. औषध दिल्यानंतर केवळ प्रतिरोधी जंतच उरतात व कुरण त्यांच्याच अंड्यांनी भरते. म्हणून कळपातील काही सुदृढ जनावरांना औषध न देता, औषधाला बळी पडणाऱ्या जंतांचा साठा मुद्दाम राखला जातो. मात्रा अंदाजाने न देता वजनानुसार द्यावी लागते; कमी मात्रेने प्रतिरोधास खतपाणी मिळते. पाठीवर ओतायची औषधे जनावरे एकमेकांच्या अंगावरून चाटतात, त्यामुळे कोणाच्या शरीरात किती औषध गेले हे अनिश्चित राहते. आयव्हरमेक्टिन गटातील औषधांचे अवशेष शेणात उतरून शेणकिड्यांनाही अपाय करतात, आणि हेच किडे पो विस्कटून अळ्यांची वाढ रोखण्यास हातभार लावत असतात.

औषधाचा गुण येतो की नाही हे पाहण्यासाठी ते देण्यापूर्वी व सुमारे दोन आठवड्यांनी अंडी मोजतात; घट ९५ टक्क्यांहून कमी आढळल्यास प्रतिरोधाची शंका घेतली जाते आणि गट बदलण्याचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घेतला जातो. बाहेरून आणलेल्या जनावरांसोबत प्रतिरोधी जंतही येऊ शकतात, म्हणून त्यांना वेगळे ठेवून, परिणामकारक औषध देऊन व नंतर शेण तपासूनच सामाईक कुरणावर सोडतात.