कठीण गणित, एकत्र बसून

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 1970च्या दशकात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे (कलनशास्त्राचे, म्हणजे बदलाचा दर मोजणाऱ्या गणिताचे) निकाल पाहणाऱ्याला एक विसंगती सतत डाचत असे. तिथे प्रवेश मिळवणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापल्या शाळांतले बहुधा सर्वांत हुशार विद्यार्थी असत आणि शिक्षकांच्या व शेजारपाजारच्या कौतुकाचा विषय होऊनच विद्यापीठात येत. तरीही कॅल्क्युलसच्या पहिल्याच सत्रात त्यांच्यापैकी सुमारे 60 टक्के विद्यार्थ्यांच्या वाट्याला ‘डी’ किंवा ‘एफ’ ही श्रेणी येई, म्हणजे ते काठावर तरी अडकत किंवा सरळ नापास होत. अभियंता, वैद्य किंवा शास्त्रज्ञ होण्याची वाट या एका विषयातून जात असल्यामुळे त्या निकालाने बहुतेकांचा मार्ग कायमचा बदलत असे.

त्या वेळी पदवीधर विद्यार्थी म्हणून तिथे काम करणारे गणितज्ञ युरी ट्रीझमन यांनी या अपयशाचा अभ्यास हाती घेतला. प्राध्यापकांना कारण विचारले तेव्हा चार उत्तरे पुन्हा पुन्हा पुढे आली: या मुलांना पुरेशी जिद्द नाही, त्यांचा शालेय पाया कच्चा आहे, घरून शिक्षणाला पाठबळ मिळत नाही आणि घरची परिस्थिती बेताची आहे. चारही उत्तरे सहानुभूतीने दिलेली होती, पण तपासून पाहिल्यावर त्यांतले एकही टिकले नाही. या मुलांच्या आईवडिलांनी त्यांच्या शिक्षणासाठी बऱ्याच खस्ता खाल्ल्या होत्या. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली मुलेही बाकीच्यांसारखीच अडखळत होती, त्यामुळे कच्च्या पायाचे कारणही पुरेसे नव्हते.

मग ट्रीझमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम दीर्घकाळ जवळून पाहिला. कृष्णवर्णीय विद्यार्थी आठवड्याला सुमारे आठ तास कॅल्क्युलसचा अभ्यास करत. वर्गातल्या एका तासामागे दोन तास घरी अभ्यास करावा, हा विद्यापीठाने सांगितलेला हिशेब ते काटेकोरपणे पाळत होते, आणि त्यांच्यातले बहुतेक जण तो सगळा अभ्यास एकट्याने करत होते. चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास चौदा तासांच्या आसपास होई. त्यातला मोठा भाग तेही एकट्याने करत, पण संध्याकाळी ते एकत्र जमत, जेवत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत आणि एखादे गणित कोणालाच सुटले नसेल तर ते खरोखरच अवघड आहे हे ओळखून त्याच्यावर तुटून पडत. एकट्याने झगडणाऱ्या मुलाला ही ओळख पटण्याचा मार्गच नसतो. आपल्याला न सुटलेले गणित इतरांनाही सुटलेले नाही हे त्याला कळत नाही, आणि तो त्याचा अर्थ आपली पात्रता कमी असा लावतो.

हा एकांत त्या मुलांना आयुष्यानेच शिकवला होता. ज्या शाळेत अभ्यासाकडे गांभीर्याने पाहणारे फार थोडे असतात तिथे हुशार मुलाला टिकायचे असेल तर घोळक्यापासून बाजूला होऊन स्वतःच्या बळावर पुढे जावे लागते. त्याच गुणाने त्याला विद्यापीठापर्यंत आणलेले असते, आणि विद्यापीठात नेमका तोच गुण त्याच्या वाटेत येतो. त्यात पुन्हा अशा मुलाला शाळेत कधी अडकण्याची सवयच झालेली नसते, म्हणून मदत मागणे त्याला हार पत्करल्यासारखे वाटते. विद्यापीठाने ठेवलेल्या शिकवणीच्या जादा वर्गांना ही मुले जात नसत, कारण तो कच्च्या मुलांचा वर्ग होता आणि ती स्वतःला कच्ची समजत नव्हती. त्यांचे हे समजणे बरोबरच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बर्कलीत या प्रश्नाकडे लक्ष देणारे लोक त्याआधीपासून होते. तर्कशास्त्रज्ञ लिऑन हेन्किन आणि संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन या दोघांनी 1960च्या दशकाच्या मध्यात, आपल्या विद्यापीठात जवळपास सगळे चेहरे गोरेच का दिसतात, असा प्रश्न सहकाऱ्यांपुढे मांडला आणि उपेक्षित समाजांतील होतकरू शाळकरी मुलांना शोधून त्यांना उन्हाळ्यात विद्यापीठात शिकवण्याचा उपक्रम उभा केला. पुढे 1974मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी ‘प्रोफेशनल डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, आणि ट्रीझमन यांचे काम याच कार्यक्रमाच्या छत्राखाली वाढले. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकी समाजांतील, म्हणजे ज्यांच्यातून विज्ञानाच्या पदव्यांपर्यंत फार थोडी मुले पोहोचतात अशा समाजांतील विद्यार्थ्यांना गणितात व विज्ञानात अव्वल दर्जापर्यंत नेणे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

‘अव्वल दर्जा’ या दोन शब्दांवर सगळी रचना उभी होती. महाविद्यालयाची पूर्वतयारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राहून गेलेले धडे भरून काढणारा वर्ग येतो: आठवीचे अपूर्णांक पुन्हा, नववीचे बीजगणित पुन्हा. हुशार मुलासाठी असा वर्ग म्हणजे सौम्य शब्दांत सांगितलेला अविश्वास असतो. बर्कलीच्या पद्धतीत क्रम उलटा होता. मुलांना महाविद्यालय मागेल त्याहून कठीण प्रश्न द्यायचे, आणि ते सोडवताना पायातली जी फट उघडी पडेल ती तिथेच, त्या प्रश्नाच्या निमित्ताने बुजवायची. या वर्गांना कार्यशाळा म्हणत, आणि त्यांच्या प्रत्येक बैठकीसाठी शिक्षक खास प्रश्नपत्रिका तयार करत. पाच-सहा मुलांचे गट तिच्यावर काम करत आणि शिक्षक गटागटांतून फिरत राहत. कोणी विचारले तरी शिक्षकाने शक्यतो उत्तर सांगायचे नाही, तर पुढे नेणारा दुसरा प्रश्न विचारायचा, हा या पद्धतीचा गाभा. शिकवण्यापेक्षा तो पाळणे कितीतरी अवघड असते.

असा प्रश्न कसा असतो, हे एका उदाहरणाने पाहू. क्ष या संख्येचे केवलमूल्य, म्हणजे |क्ष|, याच्या आलेखाला शून्यापाशी टोकदार कोपरा असतो, म्हणून तिथे त्याचे अवकलन होत नाही, म्हणजे तिथे त्याचा एकच एक चढ सांगता येत नाही, हे पाठ्यपुस्तकात असते आणि हुशार मुलांना ते पाठ असते. आता त्यांना क्ष × |क्ष| हे फल (फंक्शन) द्यावे आणि शून्यापाशी त्याचे अवकलन होते का, असे विचारावे. गटातला एकजण झटकन ‘नाही’ म्हणेल, कारण केवलमूल्याचे चिन्ह दिसले की कोपरा असतो असा नियम त्याने मनाशी नकळत बांधून ठेवलेला असतो. दुसरी मुलगी आलेख काढेल आणि तिला उजवीकडे वर जाणारा व डावीकडे खाली जाणारा, पण मध्ये कुठेही न मोडणारा वक्र दिसेल. मग वाद होईल. तो मिटवायचा तर व्याख्येकडेच जावे लागते: शून्यापासून ह एवढे सरकले की फलाची किंमत ह × |ह| होते, तिला ह ने भागले की |ह| उरते, आणि ह शून्याकडे जाताना तेही शून्याकडे जाते. म्हणजे अवकलन होते आणि त्याची किंमत शून्य येते. एवढ्यावर न थांबता शिक्षक विचारतो की या नव्या फलाचे पुन्हा अवकलन होईल का. पहिले अवकलन 2|क्ष| येते, म्हणजे हरवलेला कोपरा एक पायरी खाली पुन्हा भेटतो. आधीच्या तुटपुंज्या नियमाची जागा आता समजुतीने घेतलेली असते. हे सगळे घडायला अर्धा तास लागतो, तर फळ्यावर सांगून टाकायला दोन मिनिटे पुरली असती.

तो अर्धा तास सत्कारणी का लागतो, याचे उत्तर गेल्या काही दशकांत शिकण्याच्या मानसशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989मध्ये दाखवून दिले की भौतिकशास्त्रातील सोडवलेली उदाहरणे वाचताना चांगले विद्यार्थी प्रत्येक पायरी का घेतली हे स्वतःला समजावत राहतात आणि आपल्याला काय कळलेले नाही हेही त्यांच्या लवकर ध्यानात येते. गटात बसलेल्या मुलाला हे समजावणे मोठ्याने करावे लागते, त्यामुळे न कळलेला भाग लपून राहत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या 2006च्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने तो जास्त राहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणजे शिकताना जे सोपे जाते ते टिकतेच असे नाही, आणि आपण शिकलो की नाही याचा विद्यार्थ्याचा स्वतःचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

मानसशास्त्रातला दुसरा धागा आपलेपणाचा आहे. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी 1995मध्ये असे मांडले की आपल्या समाजाबद्दलचा पूर्वग्रह आपल्या चुकीमुळे खरा ठरेल, ही धास्तीच परीक्षेतली कामगिरी बिघडवते. ही कल्पना खूप गाजली, पण नंतरच्या काही मोठ्या प्रयोगांत तिचा परिणाम सापडला नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकणे मला योग्य वाटत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा 2011चा प्रयोग इथे जास्त उपयोगी आहे. सुरुवातीला परके वाटणे हे सगळ्यांनाच होते आणि काळाबरोबर ओसरते, एवढीच गोष्ट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नीट पटवून दिली, तर पुढची तीन वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारलेले दिसले. महाविद्यालयात जाण्याआधी अशा पद्धतीने चालणाऱ्या उन्हाळी वर्गात हीच गोष्ट मुलांना कोणी सांगावी लागत नाही. आपल्यासारखीच, आपापल्या शाळेत एकटी पडलेली मुले शेजारी बसून त्याच गणितावर अडलेली त्यांना रोज दिसतात.

बर्कलीच्या कार्यशाळांचे निकाल ठळक होते. प्रवेश परीक्षेच्या गणितात 800पैकी सहाशेच्या थोडे वर गुण मिळवलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी कार्यशाळेत आल्यावर, सातशे पन्नासच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांच्या तोडीचे निकाल आणू लागले. इथे मात्र विज्ञानाची शिस्त एक शंका घ्यायला लावते. कार्यशाळेत आपणहून येणारी मुले मुळातच अधिक उत्साही असतील, तर यशाचे श्रेय कार्यशाळेला किती आणि त्यांच्या उत्साहाला किती? उन्हाळी वर्गांच्या बाबतीत तर ही शंका अधिकच गडद होते, कारण सुट्टीतले सहा आठवडे गणितासाठी द्यायला तयार होणारे मूल सामान्य नसतेच.

या शंकेचे उत्तर सोडतीत आहे. अर्ज करणाऱ्या पात्र मुलांपैकी कोणाला जागा मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवले तर दोन्ही गटांत उत्साह, घर, शाळा हे सगळे सरासरीने सारखे वाटले जाते आणि नंतर दिसणारा फरक वर्गामुळेच पडला असे म्हणता येते. शेतीच्या प्रयोगांसाठी या विचाराचे गणित 1923मध्ये मांडणाऱ्यांत येझी नेमन हेच होते, ही गोष्ट मला फार समाधान देते. सारा कोहोड्स, हेलन हो आणि सिल्व्हिया रोब्लेस यांनी अमेरिकेतील एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या उन्हाळी वर्गांवर असाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2022मध्ये प्रसिद्ध केले. एक आठवड्याचा निवासी, सहा आठवड्यांचा निवासी आणि सहा महिन्यांचा ऑनलाइन, असे तीन प्रकारचे वर्ग त्यात होते. ज्यांना जागा देऊ केली गेली ती मुले महाविद्यालयात जाण्याचे, तिथे टिकण्याचे आणि पदवी घेण्याचे प्रमाण वाढले. सर्वांत सघन वर्गातील मुलांमध्ये चार वर्षांत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेण्याचे प्रमाण, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या तुलनेत, 33 टक्क्यांनी जास्त आढळले.

या निष्कर्षातला एक तपशील महत्त्वाचा आहे. पदवी पूर्ण करण्यातली वाढ जवळपास सगळीच, ही मुले अधिक चांगल्या महाविद्यालयांत गेली यावरून समजावता येते. कॅरोलाइन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर एव्हरी यांनी दाखवून दिले होते की कमी उत्पन्नाच्या घरांतील अत्यंत हुशार मुलांपैकी बहुसंख्य मुले अव्वल महाविद्यालयांकडे अर्जच करत नाहीत, मग शिष्यवृत्ती धरता तिथला खर्च जवळच्या साध्या महाविद्यालयापेक्षा कमी का येत असेना. उन्हाळ्यात एकदा तिथे राहून, शिकून आलेले मूल अर्ज करते. विज्ञानाच्या पदव्यांतली वाढ मात्र महाविद्यालय बदलण्याने जेवढी अपेक्षित होती त्याहून जास्त निघाली, म्हणजे वर्गाने आणखीही काहीतरी दिले होते.

सगळेच उपक्रम इतके यशस्वी ठरलेले नाहीत. ‘अपवर्ड बाउंड’ ही 1965च्या उन्हाळ्यात सुरू झालेली अमेरिकी सरकारची मोठी योजना सोडतीच्या कसोटीवर तपासली गेली तेव्हा महाविद्यालयीन प्रवेशावर तिचा एकूण परिणाम दिसला नाही. ज्या मुलांच्या स्वतःकडूनच्या अपेक्षा आधी कमी होत्या त्यांना मात्र तिचा फायदा झालेला दिसला. त्या मूल्यमापनाच्या पद्धतीवर पुढे वादही झाले. तरी एवढे म्हणता येते की मुलांना उन्हाळ्यात विद्यापीठाच्या आवारात आणणे पुरेसे नसते आणि तिथे त्यांच्यापुढे कोणते काम ठेवले जाते यावर बरेच अवलंबून असते.

महाराष्ट्रातील वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. बारावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी गणितात केटी घेऊन बसते आणि वसतिगृहाच्या खोलीत एकटीच तेच पुस्तक पुन्हा वाचत राहते, हे आपल्याकडचे चित्र आहे. तेव्हा मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेले एस. कुमारेसन यांनी 1993मध्ये सुरू केलेल्या ‘एमटीटीएस’ (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या उन्हाळी वर्गांत देशभरातले पदवीचे विद्यार्थी सुमारे चार आठवडे एकत्र राहतात, आणि तिथेही व्याख्यानाची जागा प्रश्नोत्तरांनी घेतलेली असते. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी आपल्याकडे उन्हाळ्यात जे चालते ते मात्र बहुतांशी प्रवेश परीक्षेचा सराव असतो. त्यात वेगाला किंमत असते आणि अडून बसण्याला नसते.

असे वर्ग चालवणाऱ्यांना दोन व्यावहारिक अडचणींना तोंड द्यावे लागते. पहिली पैशाची: ज्या मुलांसाठी हे वर्ग आहेत त्यांच्यातली अनेकजण सुट्टीत काम करून घराला हातभार लावतात, त्यामुळे राहणे-जेवणे फुकट ठेवले तरी बुडालेल्या कमाईचा प्रश्न उरतो, आणि म्हणून काही ठिकाणी मुलांना विद्यावेतनही द्यावे लागते. दुसरी कायद्याची: कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठांत 1996मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन 209’ या कायद्याने आणि देशभरात 2023मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आली. आता अशा वर्गांची निवड घरचे उत्पन्न, शाळेत उपलब्ध असलेले विषय आणि घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात जात आहे का, अशा निकषांकडे झुकत आहे. ट्रीझमन यांच्या कार्यशाळा सुरुवातीपासूनच सर्व वंशांच्या मुलांना खुल्या होत्या आणि एका गटात वेगवेगळ्या समाजांतली मुले बसत. त्यामुळे निवडीचे निकष बदलले तरी त्या वर्गाच्या आतल्या कामात काही बदलावे लागत नाही.