पट्टीवरचं नाव म्हणजे मॉडेल नव्हे

जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्यांमधल्या पट्टीवर ‘मँटन, कलकत्ता’ किंवा ‘रॉडा, कलकत्ता’ दिसलं की तेच मॉडेल आणि तोच कारखाना, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. या विक्री करणाऱ्या पेढ्या. त्यांचा पुष्कळसा माल बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेला असे. ‘अॅन्सन अँड डीली’ हेही मॉडेल नाही. ती १८७५ साली पेटंट झालेली, बार उडवणारी आतली यंत्ररचना. पुढे ती अनेक कारखान्यांनी वापरली, त्यामुळे ते साल बंदुकीचं समजू नये.

खरा पुरावा नळ्यांखाली असतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढा, नळ्या उतरवा आणि मागच्या सपाट भागावरचे, नळीची चाचणी झाल्याचे शिक्के भिंगाने वाचा. बर्मिंगहॅमचा ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नव्हे) शिक्का १८७५ ते १८८७ मधला. मुकुटाखाली ‘बीव्ही’, ‘बीपी’ असेल तर तो १९०४ किंवा त्यानंतरचा. मात्र जुन्या बंदुकीची फेरचाचणी झाली की नवे शिक्केही बसतात, म्हणून सर्वांत जुना शिक्का धरा. बारा बोअरच्या नळीवर ‘१३’ आढळला तर गोंधळू नका: तो नळीच्या आतल्या व्यासाचा बोअर-क्रमांक, म्हणजे ०.७१० इंच. काडतूस बाराचंच.

गंज काढायला पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका. शिक्के पुसले जातात.