तुमच्याच वॉर्डात आणीबाणीचा सराव : बोलावण्यापूर्वी हे वाचा

सिस्टरांच्या सरावासाठी पेशंटच्या जागी ठेवायचा पुतळा घेऊन आम्ही रुग्णालयात शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला : "केवढ्याला आहे हा?" किमतीचं शेवटी बोलू. आधी सरावाच्या तीन तासांत काय होतं ते ऐका.

सहा ते आठ सिस्टर, तुमचाच वॉर्ड, तुमचीच क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची ढकलगाडी. पुतळा कॉटवर ठेवून आम्ही सांगतो : रात्रीचे अडीच वाजलेत, पेशंट हाकेला ओ देत नाही, डॉक्टर घरी आहेत. पुढे आम्ही गप्प. नाडी कोण बघतं, ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कोण आणतं, फोन कोण करतं, हे घड्याळ लावून टिपतो. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास, हे बहुतेकींना पाठ असतं. पण हात दमले की दाब उथळ होतो आणि दाबणारीला ते कळतच नाही. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे तेव्हा पटतं.

प्रसूतिगृहासाठी वेगळा प्रसंग असतो. लाल रंगाचं पाणी मोजून चादरीवर ओततो आणि रक्तस्राव किती झाला ते विचारतो. नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो. ५०० मिलिलीटर कापडात मुरलं की किती फसवं दिसतं, हे एकदा बघावंच.

"बाहुल्यांशी खेळायला वेळ कुणाला आहे?" असंही ऐकून घेतलंय. आता गंमत बघा. अमेरिकेत १९११ मध्ये हार्टफर्डच्या नर्सिंग स्कूलसाठी माणसाएवढी बाहुली बनवली ती मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी. १९६० मध्ये श्वास देण्याच्या सरावाचा पुतळा आणला तो नॉर्वेच्या ओस्मुंड लेर्डाल यांनी, आणि त्यांचाही धंदा खेळण्यांचाच!

प्रसंग दहा मिनिटांचा, त्यानंतरची चर्चा अर्ध्या तासाची. खरं शिकणं होतं ते इथे. गुण नाहीत, कुणाच्या नावाने अहवाल नाही. मालक डॉक्टरांनी एकतर स्वतःची भूमिका करावी, नाहीतर बाहेर चहा घ्यावा. लेखी देतो ते फक्त वस्तूंबद्दल : लॅरिंगोस्कोपचे (घशात बघायच्या उपकरणाचे) सेल उतरलेत, ॲड्रिनॅलिन हे तातडीचं औषध तिसऱ्या ड्रॉवरमध्ये सलाईनच्या सेटखाली दडलंय.

सलाईन लावायच्या सरावात रबरी हातातली शीर मात्र सगळ्यांनाच सापडते. जुलाबाने सुकलेल्या आजींची शीर शोधायला वॉर्डातच शिकावं लागतं, त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

आता किंमत. बोलणारा, घाम येणारा महागडा पुतळा वीस खाटांच्या रुग्णालयाने घेऊ नये, असं आम्ही विकणारेच सांगतो. दाब पुरेसा खोल गेला की 'टक्' वाजणारं साधं धड तुम्हाला पुरे.

आमच्यासाठी एक रिकामी कॉट ठेवा. सरावाची औषधं आम्हीच आणतो. त्यांवर 'सराव' असं लाल लेबल असतं आणि निघताना इन्चार्ज सिस्टरसमोर मोजून ती सगळी परत नेतो.