व्हीजे की सूत्रसंचालक? आधी हे ठरवा

"मला व्हीजे (व्हिडिओ जॉकी) व्हायचंय," असं सांगणाऱ्या दहा मुलांशी नीट बोललं, तर त्यातल्या आठ जणांच्या डोळ्यांसमोर 'सा रे ग म प'सारखा मंच असतो. म्हणजे त्यांना सूत्रसंचालक व्हायचं असतं. दोघांच्याही हातात माइक आणि आजूबाजूला गाणी, म्हणून गल्लत होते. पण तयारी चुकीच्या कामाची केली की वर्षं वाया जातात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्हीजे संगीत वाहिनीवर दोन गाण्यांच्या मधे बोलतो. त्या बोलण्याला लिंक म्हणतात. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा ऐवज. समोर ना प्रेक्षक, ना टाळ्या. बऱ्याचदा मागे नुसता हिरवा पडदा असतो आणि गाणं तिथे वाजतही नसतं, ते नंतर एडिटमध्ये जोडतात. तरी "काय गाणं होतं!" हे आत्ताच ऐकल्यासारखं म्हणायचं, आणि एका बैठकीत अशा कितीतरी लिंक संपवायच्या.

दादरची एक मुलगी व्हीजेच्या ऑडिशनची तयारी करत होती. कॉलेजची स्नेहसंमेलनं गाजवलेली, भाषा स्वच्छ. पण कॅमेरा सुरू झाला की नजर लेन्सच्या वर, डावीकडून उजवीकडे फिरायची. तिला सभागृह दिसत होतं! आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला. लेन्सच्या जागी धाकटी बहीण बसलीय असं समज, म्हटलं. चौथ्या टेकला तिचा आवाज खाली आला आणि ती पहिल्यांदा बोलल्यासारखी बोलली.

रेडिओवरची माणसं इथे सहज रुळतात ती यामुळेच. बंद खोलीत, न दिसणाऱ्या एकाच माणसाशी बोलायची त्यांना सवय असते. अभिनेता आयुष्मान खुराना आधी आरजे (रेडिओ जॉकी) होता, मग एमटीव्हीवर व्हीजे झाला.

सूत्रसंचालकाला मात्र तीच सभागृहाची नजर लागते. कानातल्या इअरपीसमध्ये दिग्दर्शक सांगत असतो, "तबल्याचा माइक गेलाय, दोन मिनिटं काढ." समोर स्पर्धक रडवेला झालेला, परीक्षक काहीतरी बोलतायत. ऐकत ऐकत बोलायचं आणि कुणाचाही मान न दुखवता वेळ सांभाळायची. मराठी 'सा रे ग म प'मध्ये पल्लवी जोशी हे फार सुंदर करत. गिरगाव-परळच्या गणेशोत्सव मंडळांत किंवा वाद्यवृंदात निवेदन केलेल्या मुलांकडे याचं निम्मं शिक्षण आधीच असतं. माझ्या मते त्यांनी ते बिनधास्त बायोडेटात लिहावं.

कामाचं म्हणाल, तर आपल्याकडे चॅनेल व्ही १९९४ मध्ये आणि एमटीव्ही इंडिया १९९६ मध्ये आलं, तेव्हा नवं गाणं दाखवणारा व्हीजेच होता. आता गाणं आधी यूट्यूबवर येतं, वाहिन्या गाण्यामागून गाणी लावतात, आणि चॅनेल व्ही तर आपल्याकडे २०१८ मध्ये बंद झालं. निव्वळ व्हीजेची कामं थोडीच उरली आहेत. लिंकचं कसब मोबाइलसाठीच्या व्हिडिओंत आणि कलाकारांच्या मुलाखतींत उपयोगी पडतं. (क्लबच्या जाहिरातीतला 'व्हीजे' तिसराच, तो संगीताबरोबर पडद्यावरची दृश्यं चालवतो.)

म्हणून शो रील, म्हणजे आपलं काम दाखवणारे छोटे व्हिडिओ, दोन करा. एकात फक्त तुम्ही आणि लेन्स, दुसऱ्यात खरा प्रेक्षक असलेला कार्यक्रम. वर्सोव्याच्या आराम नगरातून, जिथे ऑडिशन होतात, फोन आला की आधी विचारा, समोर माणसं असणार आहेत का? नुसता कॅमेरा आणि क्रोमा (तोच हिरवा पडदा, ज्याच्या जागी नंतर दुसरं दृश्य जोडतात) म्हणाले, तर हिरवा कुर्ता घरीच ठेवा.