'सर्व समाईक' म्हणजे दशमांश नव्हे

ईस्टर ते पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) या ५० दिवसांत बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत 'प्रेषितांची कृत्ये' हे पहिल्या ख्रिस्ती लोकांची हकिकत सांगणारे बायबलातले पुस्तक वाचतात. दुसऱ्या अध्यायात यरुशलेमातल्या विश्वासणाऱ्यांचे सर्वकाही समाईक होते, हे वाक्य आले की उपदेश हमखास दशमांशाकडे वळतो. ऐकून ऐकून कान किटले. त्या अख्ख्या पुस्तकात दशमांश एकदाही येत नाही!

दशमांश काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मोशेच्या नियमशास्त्रात लेव्यांसाठी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशासाठी, नेमून दिलेला. आज तो द्यावा की नाही, हा वाद इथे नको.

गफलत होते ती मापात. दशमांशाचा हिशोब देणाऱ्याच्या मिळकतीपासून सुरू होतो. शेजारच्या बाकावरच्याच्या घरी आज चूल पेटली का, याचा पत्ता नसतानाही तो चोख देता येतो. यरुशलेमात हिशोब नडीपासून सुरू व्हायचा. ज्याला जशी गरज लागे, तशी जमीन किंवा मालमत्ता विकून वाटप होई. म्हणजे आधी गरज कळायला हवी, आणि ती कळायची कारण ही माणसे रोज एकत्र येत, घरोघरी भाकर मोडत, सोबत जेवत. ते जेवण वगळले की उरते नुसती वर्गणी. करिंथातल्या मंडळीत तर येशूच्या आठवणीत घ्यायच्या प्रभुभोजनालाच एक उपाशी आणि दुसरा प्यालेला, अशी गत झाली. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली.

'सगळ्यांनी सगळे विकून टाकले' म्हणणाऱ्यांनी पाचवा अध्याय उघडावा. हनन्या जमीन विकतो, काही पैसे मागे ठेवतो आणि उरलेले सगळे म्हणून आणून देतो. प्रेषित पेत्र त्याला विचारतो, विकण्याआधी जमीन तुझीच नव्हती का, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती नव्हता का? पैसे ठेवून घेतले हा गुन्हा नव्हता. सगळे दिल्याचा आव आणला, तो होता. मार्कची आई मरीया हिचे घर बाराव्या अध्यायातही तिचेच आहे, आणि लोक तिथेच प्रार्थनेला जमलेत.

बरे, यरुशलेमात सगळे सुरळीत होते असेही नाही. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जातात, अशी कुरकुर सहाव्या अध्यायात आहेच. प्रेषितांनी त्यावर 'अर्पण वाढवा' म्हटले नाही. सात माणसे निवडायला लावली, आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, वाटप बहुधा त्यांच्याच माणसांकडे गेले. ईस्टरनंतर समाईकपणावर बोलायचेच असेल, तर मी दुसऱ्या अध्यायाआधी हा सहावा घेईन.