राष्ट्रीय महामार्ग 112 (जेसोर रोड)

पश्चिम बंगालमधील उत्तर 24 परगणा जिल्ह्यात बारासातपासून बांगलादेशच्या सीमेवरील पेट्रापोलपर्यंत जाणारा सुमारे 60 किलोमीटरचा महामार्ग. अशोकनगर, हाबरा, गायघाटा, बनगाव ही वाटेतली मुख्य ठिकाणे. 2010च्या फेरक्रमांकनापूर्वी याचा क्रमांक 35 होता. लोकांच्या तोंडी मात्र तो जेसोर रोडच आहे.

कोलकाता ते जेसोर हा एकसंध रस्ता 1947च्या फाळणीने तुटला. बनगाव आणि गायघाटा हे भाग तोवर जेसोर जिल्ह्यातच होते. फाळणीची सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफ निवाड्याने ते भारताकडे आले, जेसोर शहर पूर्व पाकिस्तानात (आताच्या बांगलादेशात) गेले आणि गावोगावचा हा रस्ता सीमेचा रस्ता झाला. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे लोंढे याच वाटेने आले, बनगावच्या परिसरात छावण्या उभ्या राहिल्या.

दुतर्फा उभे असलेले प्रचंड पर्जन्यवृक्ष ही या रस्त्याची खरी श्रीमंती. कालीप्रसन्न पोद्दार ऊर्फ काली पोद्दार या जमीनदाराने आईला गंगास्नानाला सावलीतून जाता यावे म्हणून रस्ता बांधून झाडे लावली, अशी आख्यायिका आहे. रेल्वे फाटकांवरील पाच उड्डाणपुलांसाठी यांतली 356 झाडे तोडण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने 2018 मध्ये परवानगी दिली. एकाच्या बदल्यात पाच झाडे लावण्याची अट होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरून वयाने गुणावे, असे सुचवले. तरीही 2023 मध्ये 306 झाडे तोडण्याची मुभा मिळाली. फाटकावर अडकणाऱ्या रुग्णवाहिकांची अडचण खरी होती. पण शतकभराच्या झाडाची भरपाई पाच रोपांनी होते, हे मानणे कठीण आहे.

पेट्रापोल हे भारत-बांगलादेश व्यापाराचे सर्वांत मोठे भूबंदर, म्हणजे रस्त्याने मालाची ने-आण होणारे सीमेवरील ठाणे. पलीकडे बेनापोल. भारतीय ट्रक तिथवर जाऊन माल उतरवतात आणि रिकामे परततात. भारताच्या बाजूला मालट्रकांच्या रांगा लागत, त्यांचा भार अरुंद रस्त्यावर आणि बनगाव शहरावर पडे. 2016 मध्ये एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला, तर ऑक्टोबर 2024 मध्ये नवे प्रवासी टर्मिनल आणि मालवाहतुकीसाठी 'मैत्री द्वार' खुले झाले. मे 2025 मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूबंदरांतून प्रवेश बंद करून फक्त न्हावा शेवा व कोलकाता या सागरी बंदरांतून आयातीची मुभा ठेवली, तेव्हा तो माल या रस्त्यावरून येणे थांबले.